समुद्र दाराशी असला तरी: गोव्यातल्या घरात प्रवाळाची टाकी उभी करताना

गोव्यात कुणी घरी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळाची टाकी, लावायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, मग मीठ विकत घेऊन पाणी कशाला बनवायचं? मिरामारला जावं, चार कॅन भरून आणावेत. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट समजलं तर या छंदातलं निम्मं शास्त्र समजतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मिरामारचं पाणी म्हणजे मांडवीच्या मुखाचं पाणी. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत मांडवी आणि झुआरी घाटावरून पाणी आणि माती घेऊन उतरतात. नदीमुखातलं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि किनाऱ्यालगतच्या समुद्राचा वरचा थरही पातळ होतो. खुल्या समुद्राच्या एका लिटरमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. आपल्या किनाऱ्यावर मात्र हा आकडा ऋतू बदलला की बदलतो, भरती-ओहोटीबरोबरही हलतो. त्यात गाळ, सांडपाणी आणि होड्यांचं डिझेल मिसळतं ते वेगळंच. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षं मोजमापं घेत आली आहे. त्या नोंदींतून दिसतं की पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, खोलातलं प्राणवायू नसलेलं पाणी उथळ किनारपट्टीच्या तळावर चढून येतं. वरून समुद्र तसाच दिसतो, पण तळाशी श्वास घेण्याजोगं फारसं काही उरलेलं नसतं.

टाकीत आपण जे प्रवाळ ठेवणार असतो ते अशा पाण्यातलं नसतं. ते स्वच्छ, उबदार आणि वर्षभर फारसं न बदलणाऱ्या पाण्यात घडलेलं असतं. रीफ टाकीतला प्रत्येक पंप, प्रत्येक दिवा आणि प्रत्येक चाचणी शेवटी एकाच कामासाठी असते: काल जे होतं ते आजही तसंच ठेवायचं. आकडा थोडा कमी-जास्त असला तर प्रवाळ जुळवून घेतं. रोज हलणारा आकडा त्याला मारतो.

प्रवाळ हा प्राणी आहे, हे आधी मनात पक्कं करू. दिसायला ते झाड किंवा दगड वाटतं, पण प्रत्यक्षात ती पॉलिप नावाच्या बारीक प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि प्रवाळाच्या गरजेचा मोठा वाटा, काही जातींत 90 टक्क्यांपर्यंत, तिथूनच भागतो. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकलं जातं, पांढरा सांगाडा पारदर्शक मांसातून दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. 1998, 2010 आणि 2014 ते 2017 या काळात जगभरच्या प्रवाळांवर ही पाळी आली, आणि एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक विरंजन जाहीर केलं. जे महासागरात घडतं तेच तुमच्या बैठकीच्या खोलीत मे महिन्याच्या एका दुपारी, लाईट गेल्यावर, घडू शकतं.

आता कायद्याची गोष्ट. ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ग्रांद बेटाजवळ डायव्हिंगला गेलेली माणसं प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणतात, मालवणहून शंख-शिंपल्यांबरोबर पांढरे सांगाडे येतात. सगळी कडक, म्हणजे रीफ बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्री घोडेही तिथेच. मेलेला तुकडाही यातून सुटत नाही. किमान तीन वर्षांची कैद आहे. त्यामुळे समुद्रातून काढलेलं प्रवाळ किंवा त्याच्या सांगाड्याचा ‘लाइव्ह रॉक’ घरात आणायचा नाही, कुणी स्वस्तात दिला तरी नाही. दुकानदार काही विकत असेल तर पक्कं बिल मागा, माल कुठून आला आणि शेतीतून वाढवलेला आहे का, याचे कागद मागा. जो कागद दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका. शंका राहिली तर वन खात्यात विचारा. मासे, झिंगे, गोगलगाई आणि बनावटी खडक एवढ्यावरसुद्धा खाऱ्या पाण्याची टाकी सुंदर होते, आणि पहिलं वर्ष तरी तेवढंच पुरे आहे असं माझं मत आहे.

पाणी बनवायला दोन गोष्टी लागतात: ज्यात काहीच नाही असं पाणी आणि ज्यात सगळं आहे असं मीठ. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, विहिरीच्या पाण्यात जांभ्यातून उतरलेलं लोह असू शकतं, आणि दोन्हीत सिलिकेट असतं. त्यावर टाकीत तपकिरी बुरशीसारखा थर माजतो. घरचा पिण्याचा आरओ पुरत नाही. बहुतेक यंत्रांत चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो, तो थोडं मूळ पाणी परत मिसळतो. शिवाय मिनरल कार्ट्रिज वेगळं. रीफसाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा लागतो आणि मीटरवर टीडीएस शून्य दिसावा लागतो. असं पाणी एका वेगळ्या ड्रममध्ये घ्यायचं, त्यात रीफचं तयार मीठ लिटरला साधारण 36-37 ग्रॅम टाकायचं आणि छोटा पंप लावून ते रात्रभर फिरू द्यायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात सोडियम क्लोराइडच असतं, तर समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असा सगळा गोतावळा असतो. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, आणि ते यंत्र 35 च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं तर वरचा आकडा फसवू शकतो.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे 190 लिटर पाणी मावतं. काच, वाळू, खडक आणि स्टँड धरून वजन तीनशे किलोच्या घरात जातं. जुन्या गोवेकर घरात माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर टाकी खालीच ठेवा. फ्लॅटमध्ये भिंतीला लागून, तुळईच्या जवळची जागा निवडा. खिडकीचं थेट ऊन नको. नवख्याला लहान टाकी सोपी वाटते, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. दीडशे-दोनशे लिटर ही सुरुवातीला योग्य जागा.

तळाला समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणण्याचा मोहही आवरायचा. आपल्या वाळूत जड, काळ्या खनिजांचे कण असतात, त्यांत लोह असतं. बाजारात मिळणारी अॅरागोनाइट वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते, ती घ्या. खडक म्हणून अंगणातला चिरा तर मुळीच नको. सच्छिद्र सिरॅमिक किंवा सिमेंटचे रीफसाठी केलेले खडक मिळतात. सिमेंटचे असतील तर ते महिनाभर पाणी बदलत भिजवून, पीएच उतरल्याची खात्री करून मगच वापरा. खडक रचताना तो आधी काचेवर ठेवा, वाळू नंतर घाला. मासा खालून उकरतो आणि वाळूवर टेकवलेला खडक एके दिवशी काचेवर कोसळतो.

इथवर सगळं दोन दिवसांत होतं. पुढचं काम चार ते सहा आठवड्यांचं आहे आणि त्या काळात टाकीत डोळ्यांना दिसेल असं काहीच नसतं. बहुतेक टाक्या इथेच मरतात, कारण पाणी काचेसारखं निवळ दिसतं आणि माणसाला वाटतं, झालं तयार.

मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया विषारी, आणि खाऱ्या पाण्यात तो जास्तच. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक कल्ले जाळणारा. पीएच जितका वर तितकं विषारी रूप जास्त. गोड्या पाण्याच्या टाकीत 7 पीएचला विषारी वाटा एक टक्क्याच्याही खाली असतो. समुद्राच्या 8.2 पीएचला तो त्याच्या साधारण दहापट होतो. म्हणून गोल्डफिश ज्या हलगर्जीपणातून वाचतो त्यात क्लाउनफिश वाचत नाही.

या विषाचा बंदोबस्त जिवाणू करतात. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात चालतं, ते पाणी बदलून बाहेर काढता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, खडकाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर घर करतात. ते सावकाश वाढतात. घाई केल्याने त्यांची पिढी लवकर दुप्पट होत नाही.

त्यांना खाऊ म्हणून तुम्हीच अमोनिया द्यायचा. अमोनियम क्लोराइडचं द्रावण मिळतं, त्याने अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्यायचा. ते नसेल तर सुंगटाचा (कोळंबीचा) एक तुकडा कापडात बांधून सोडला तरी कुजून तेच काम होतं, वास मात्र सोसावा लागतो. बाटलीतले जिवाणू किंवा एखाद्या निरोगी जुन्या टाकीतला खडकाचा तुकडा घातला तर तो विरजणासारखा काम करतो. दिवे बंद ठेवा, पंप चालू ठेवा. एक दिवसाआड चाचणी करा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, शेवटी नायट्राइट उतरून नायट्रेट दिसू लागेल. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या चाचणीवर विसंबू नका, ती खोटा मोठा आकडा दाखवते. 2 पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की जिवाणूंचं हे चक्र बसलं. मग पाण्याचा मोठा भाग बदला आणि पहिला मासा आणा.

चक्र बसल्यावर टाकी कुरूप होते. आधी तपकिरी डायटम शैवाल, मग हिरवे केस, कधी लालसर गिळगिळीत थर. हे दोन-तीन महिने चालतं. या काळात लोक बाटल्यांतली औषधं ओततात आणि टाकी आणखी बिघडवतात. अन्न कमी घाला, हाताने उपटा, पाच-सहा ट्रोकस गोगलगाई सोडा, वाट पाहा. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर नेण्याचा हट्टही नको. प्रवाळालाही त्यातलं थोडं लागतं, आणि पार रिकाम्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेटसारखे चिवट, नकोसे जीव माजतात. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम हा पट्टा मला सुरक्षित वाटतो.

खाऱ्या, उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 26 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला 8 मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. म्हणून पृष्ठभाग सतत ढवळता हवा आणि पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर पंप हवा. प्रोटीन स्किमर हे यंत्रही इथेच उपयोगी पडतं. त्यात बारीक बुडबुडे सोडतात. त्यांना सेंद्रिय घाण चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात जमते. पावसाळ्यात खवळलेल्या किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो, तो याच क्रियेने. गोड्या पाण्यात एवढे बारीक बुडबुडे टिकत नाहीत, म्हणून तिथे स्किमर चालत नाही.

आता गोव्यातली खरी अडचण: उष्णता आणि वीज. टाकी 25 ते 27 अंशांत ठेवायची. जानेवारीच्या पहाटे फोंड्या-डिचोलीकडे पारा 20 च्या आसपास उतरतो, तेवढ्यापुरता छोटा हीटर लागतो. एप्रिल-मेमध्ये खोलीच 32 वर असते आणि पंप-दिवे त्यात भर घालतात. पृष्ठभागावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. हे स्वस्त आणि चांगलं, पण बाष्पीभवन हवेच्या कोरडेपणावर चालतं. आपल्याकडे हवा कधीच फार कोरडी नसते आणि जून लागला की ती भिजलेलीच असते. तेव्हा पंखा नुसता वारा देतो. जून-जुलैत खोलीही थंडावते म्हणून बहुधा निभावतं. खरी कसोटी मेच्या अखेरीस, वळवाच्या आधीच्या उकाड्यात लागते. नुसते मासे असतील तर पंख्यावर भागतं. प्रवाळ ठेवायचं असेल तर चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च आधीच धरा. चिलर कपाटात कोंडू नका. पाण्यातली उष्णता तो खोलीतच सोडतो, कोंडला तर तीच परत ओढतो.

पंख्याची दुसरी बाजू लक्षात ठेवा. उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. 190 लिटरमधून रोज चार लिटर उडाले आणि तीन दिवस भरले नाहीत तर खारेपणा 35 वरून 37 च्या पुढे जातो. म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याची, आणि बदलायचं पाणी तेवढं खारं. भर आपोआप घालणारं एटीओ यंत्र ही मी पहिल्या दिवशीच घ्यायला सांगेन अशी वस्तू आहे. पावसाळ्यात बाष्पीभवन निम्म्यावर येतं, तेव्हा त्याच्या टाकीची पातळी हळू उतरते. त्यात काही बिघाड नसतो.

पहिल्या पावसाला लाईट जाते, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. पंप थांबले की काही तासांत प्राणवायू खाली येतो. वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा. स्किमर, दिवे, चिलर थांबले तरी त्या रात्री चालतं. पाण्याची हालचाल थांबून चालत नाही. टाकीच्या सगळ्या प्लगांना आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

प्रवाळाला दोन जादा गोष्टी लागतात. एक प्रकाश: निळ्याकडे झुकलेला, 420 ते 460 नॅनोमीटरचा पट्टा भरपूर असलेला, रोज आठ-नऊ तास, आणि टायमरवर. दुसरी त्याच्या हाडांची सामग्री. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतं, त्यामुळे ते वाढतं तसं पाणी रितं होतं. कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, आल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेटचं माप) 8 ते 9 डीकेएच या एककात, मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएम असं धरून चाला. यांत आल्कलिनिटी सगळ्यात आधी हलते, तिच्यावर आठवड्याला नजर ठेवा. टाकीत शिंपले टाकले तर कॅल्शियम भरून निघेल ही समजूत चुकीची आहे. 8 च्या वरच्या पीएचला ते विरघळतच नाहीत.

सुरुवातीला दर आठवड्याचं दहा टक्के पाणी बदलणं पुरतं. पुढे भर लागली तर सगळ्यात जुना उपाय म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरभर आरओ-डीआय पाण्यात दीड ग्रॅम कालवायचं, झाकून ठेवायचं, खाली बसू द्यायचं आणि वरचं स्वच्छ पाणी रात्री थेंब थेंब सोडायचं. त्यातून कॅल्शियम मिळतं आणि आल्कलिनिटीही. रात्री टाकीचा पीएच उतरलेला असतो, तो सावरतो. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, एकदम ओतली तर टाकी जाईल. हातमोजे घालून काम करा.

पहिला मासा कुठला? पैदास केंद्रात वाढवलेली क्लाउनफिशची जोडी. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशचं प्रजनन भारतात यशस्वी केलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचं कारण उरलेलं नाही. पैदाशीचा मासा पहिल्या दिवसापासून कोरडं अन्न खातो. दोन लहान वयाचे एकत्र आणा. सगळे नर म्हणून जन्मतात, त्यांतला वरचढ मादी होतो, भांडण आपोआप मिटतं. त्यांना समुद्रफूल (अॅनेमोनी) लागतंच असं नाही. समुद्रफूल स्वतः नाजूक आहे, सहा महिने जुन्या टाकीआधी ते आणू नका. नंतर एखादा गोबी, एखादा क्लीनर झिंगा, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. ब्लू टँग एवढ्या टाकीत कोंडू नका, तो हाताएवढा होतो आणि मैलभर पोहणारा जीव आहे. मँडरिन मासा जिवंत सूक्ष्म कवचधारींवर जगतो, नव्या टाकीत तो डोळ्यांदेखत उपाशी मरतो. नवा मासा आधी चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. माशांवर पांढरे ठिपके पाडणारा रोग मुख्य टाकीत शिरला तर तिथे तांब्याचं औषध देता येत नाही, ते गोगलगाई, झिंगे आणि प्रवाळ मारतं.

एक धोका माणसाला आहे. झोअँथिड आणि पॅलिथोआ या बटणांसारख्या प्रवाळ-नातेवाइकांत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत तीव्र विष असू शकतं. ते चिकटलेला खडक उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, घासू नका. वाफेतून घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

टाकीतलं काहीही मांडवीत किंवा समुद्रात सोडू नका, शैवालसुद्धा. मत्स्यालयातलं कॉलेर्पा नावाचं शैवाल 1984 मध्ये मोनॅकोजवळच्या समुद्रात दिसलं आणि पुढे भूमध्य समुद्राच्या मोठ्या पट्ट्यात पसरलं. बदललेलं खारं पाणी विहिरीच्या आसपास किंवा झाडांच्या मुळांशी ओतू नका, मोरीत सोडा.

राहता राहिली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. सगळं घर मूळ गावी जातं आणि टाकी चार-पाच दिवस एकटी पडते. जाण्याआधी पाणी बदला, स्किमरचा कप रिकामा करा, एटीओची टाकी काठोकाठ भरा. माशांचं अन्न रोजचं वेगळं, चिमूटभर, पुड्या बांधून त्यावर वार लिहा आणि बाकीचा डबा कपाटात कुलूपबंद करा. शेजारी प्रेमाने जास्त घालतात आणि तेवढ्याने अमोनिया चढतो. दोन मासे तीन दिवस न खाता सहज राहतात, हे त्यांना सांगून ठेवा. लाईट गेली तर कुठला पंप आधी चालू करायचा ते कागदावर लिहून टाकीच्या काचेला चिकटवा.